संगणकाच्या कार्यप्रणालीची चाचणी-आवृत्ती : तिचे सामान्य दोष व त्यांचे निदान

संगणक हे यंत्र स्वतः होऊन काहीही करीत नाही. कळफलकावर दाबलेली कळ कोणती, ती कोणत्या आज्ञावलीकडे पोहोचवावयाची, पडद्यावर कोणते अक्षर उमटवावयाचे, ते कोठे साठवावयाचे, ही सर्व व्यवस्था एका मूलभूत आज्ञावलीकडे सोपविलेली असते. तिलाच कार्यप्रणाली किंवा व्यवहारात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ असे म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही तिची परिचित उदाहरणे होत. इतर सर्व आज्ञावल्या या कार्यप्रणालीच्या आधारावर चालतात. म्हणून एखाद्या साध्या आज्ञावलीत दोष असल्यास एक काम अडते. परंतु कार्यप्रणालीत दोष असल्यास संपूर्ण यंत्रच अडून बसते.

नवी कार्यप्रणाली सर्वांच्या हाती देण्यापूर्वी तिची एक अपुरी, परंतु बरीचशी चालू शकणारी आवृत्ती काही थोड्या लोकांना वापरावयास दिली जाते. तिला ‘पूर्वावलोकन आवृत्ती’ असे नाव आहे. आपण तिला चाचणी-आवृत्ती म्हणू. या आवृत्तीत कोणते दोष वारंवार आढळतात, ते कसे ओळखावेत, कोणते आपल्या हातून दूर होण्यासारखे आहेत आणि जे तसे नाहीत त्यांची वार्ता निर्मात्याकडे कशी पोहोचवावी, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

१. चाचणीची आवश्यकता

भिलाईच्या वाचकाला चाचणी ही कल्पना नवी वाटू नये. भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. अशा कारखान्यात कोणतीही भट्टी बांधून होताच पूर्ण शक्तीने चालविली जात नाही. कोकच्या भट्ट्यांच्या सिलिका-विटा तापताना प्रसरण पावतात. त्या एकदम तापविल्यास तडकतात. म्हणून त्यांचे तापमान काही आठवडे हळूहळू वाढवीत नेतात आणि त्या काळात प्रत्येक सांध्यावर लक्ष ठेवतात. दोष कोठे आहे हे याच काळात समजले तर थोडक्यात निभावते.

कार्यप्रणालीच्या बाबतीत मात्र एक अधिक अडचण आहे. भट्टी एकाच जागी असते. कार्यप्रणाली लक्षावधी निरनिराळ्या यंत्रांवर चालवावयाची असते. एकाचा छपाईयंत्र जुना, दुसऱ्याचा पडदा नवा, तिसऱ्याची भाषा वेगळी. यंत्रांच्या भागांचे जेवढे संयोग संभवतात, तेवढे कोणत्याही प्रयोगशाळेत मांडून ठेवणे शक्य नाही. म्हणून निर्माते ही प्रयोगशाळाच लोकांच्या घरी नेतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १ ऑक्टोबर २०१४ रोजी विंडोज १० ची अशी पहिली चाचणी-आवृत्ती इच्छुकांसाठी खुली केली. मुक्त आज्ञावलींच्या जगात ही पद्धत त्याहून जुनी आहे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या ‘स्थिर’, ‘परीक्षणाधीन’ व ‘अस्थिर’ अशा तीन शाखा नेहमी चालू असतात. अस्थिर शाखेला ‘सिड’ असे नाव आहे. ते एका बोलपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलावरून घेतलेले आहे, हे येथे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली याच डेबियनवर आधारलेली आहे.

२. आरंभापूर्वी घ्यावयाची काळजी

चाचणी-आवृत्तीत दोष असणारच, हे गृहीत धरूनच ती यंत्रावर बसवावी. शाळेचे निकालपत्रक, ग्रंथालयाची नोंदवही किंवा दुकानाचा हिशेब ज्या संगणकावर ठेवला आहे, त्यावर ती कधीही बसवू नये. जुना पडून असलेला संगणक मिळाल्यास उत्तम. तसा नसेल तर चालू संगणकाच्याच आत एक काल्पनिक संगणक निर्माण करणाऱ्या आज्ञावल्या मिळतात; त्यात चाचणी-आवृत्ती बसविली असता ती बिघडली तरी मूळ यंत्रास धक्का लागत नाही.

याखेरीज पुढील चार गोष्टी आधी कराव्यात. पहिली, सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या तबकडीवर काढून ती तबकडी यंत्रापासून काढून ठेवावी. यंत्राला जोडून ठेवलेली प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे. दुसरी, जुनी स्थिर आवृत्ती पुन्हा बसविता येईल असा पेनड्राइव्ह तयार करून तो एकदा चालवून पाहावा. तिसरी, तबकडी कुलूपबंद करण्याची सोय चालू असल्यास तिची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. विंडोजमध्ये ही किल्ली ४८ अंकांची असते आणि कार्यप्रणाली बदलल्यावर यंत्र ती अकस्मात मागू शकते. चौथी, परतीच्या वाटेची मुदत जाणून घ्यावी. विंडोजच्या एका आवृत्तीवरून दुसरीवर गेल्यानंतर मागे येण्याची सोय सर्वसाधारणपणे १० दिवसच टिकते. त्यानंतर सर्व नव्याने बसवावे लागते. शिवाय चाचणी-आवृत्ती ठरावीक मुदतीनंतर कालबाह्य होते, हेही विसरू नये.

३. निदानाची पद्धत

दोष दिसताच हाती येईल तो उपाय करून पाहण्याची घाई अनेकांना होते. तीन-चार उपाय एकदम केल्यावर दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही. आणि न गेल्यास या उपायांनीच नवा दोष उत्पन्न केला की काय, हेही सांगता येत नाही. म्हणून पहिला नियम असा की, एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम लिहून ठेवावा.

दुसरा नियम तुलनेचा आहे. दिसलेला दोष खरोखर नव्या आवृत्तीचा आहे काय, हे आधी ठरविले पाहिजे. दुर्ग-भिलाईच्या परिसरात मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा हवेत संगणकाचा पंखा धुळीने भरलेला असेल तर त्याचा मध्यवर्ती संस्कारक तापतो, व स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करतो. मालकाला वाटते की, नव्या कार्यप्रणालीने यंत्र मंद केले. सुपेल्यासारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत, महामार्गाच्या धुळीत चालणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत ही शंका प्रथम दूर केली पाहिजे. त्यासाठी त्याच यंत्रावर, दिवसाच्या त्याच प्रहरी, तेच काम जुन्या स्थिर आवृत्तीत करून पाहावे. दोष तेथेही दिसला तर चाचणी-आवृत्ती निर्दोष आहे. तेथे पंखा साफ करणे किंवा वीजपुरवठा तपासणे हाच उपाय होय.

तिसरा नियम अर्धीकरणाचा आहे. समजा, यंत्र सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या १६ आज्ञावल्या आहेत आणि त्यांपैकी एक यंत्र अडवीत आहे. एकेक बंद करून पाहिल्यास १५ वेळा प्रयत्न करावा लागेल. त्याऐवजी ८ बंद कराव्यात. दोष गेला तर गुन्हेगार त्या ८ मध्ये आहे. राहिला तर उरलेल्या ८ मध्ये. पुढे ४, मग २, मग १. म्हणजे केवळ ४ प्रयत्नांत उत्तर सापडते. आज्ञावली लिहिणारे अभियंतेही हीच रीत वापरतात. हजार बदलांपैकी दोष उत्पन्न करणारा एक बदल ते सुमारे १० चाचण्यांत शोधून काढतात. मात्र दोष एकाच कारणाने होत असेल तरच ही रीत इतकी सरळ चालते.

४. नेहमी आढळणारे दोष

(अ) आवृत्ती बसतच नाही. यंत्र अर्ध्यावर थांबते किंवा जुन्या आवृत्तीकडे परत जाते. याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे तबकडीवर जागा अपुरी असणे. जुनी व नवी आवृत्ती काही काळ शेजारी-शेजारी ठेवावी लागत असल्याने दुप्पट जागा लागते. दुसरे कारण, उतरवून घेतलेली फाइल खंडित असणे. प्रत्येक मोठ्या फाइलीबरोबर निर्माता एक तपासणी-संख्या प्रसिद्ध करतो. आपल्या फाइलीची संख्या तिच्याशी जुळत नसेल तर फाइल पुन्हा उतरवावी. तिसरे कारण, जोडलेली अनावश्यक उपकरणे. ती काढून, केवळ पडदा, कळफलक व माऊस ठेवून पुन्हा प्रयत्न करावा.

(आ) यंत्र सुरू होत नाही. आवृत्ती बसली, परंतु पडदा काळाच राहतो किंवा यंत्र पुनःपुन्हा सुरू होऊन बंद पडते. येथे बहुधा एखाद्या उपकरणाचा ‘ड्रायव्हर’ दोषी असतो. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली व उपकरण यांच्यामधील दुभाषी आज्ञावली होय. कार्यप्रणालीची बोली थोडी बदलली आणि दुभाषी जुनाच राहिला, म्हणजे घोटाळा होतो. विंडोजमध्ये यासाठी ‘सेफ मोड’ ही सोय आहे. तीत केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन यंत्र सुरू होते. सेफ मोडमध्ये यंत्र नीट चालले तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा नंतर बसविलेल्या आज्ञावलीत आहे, एवढे निश्चित होते. लिनक्समध्ये आरंभीच्या यादीतून आधीचा गाभा, म्हणजेच ‘कर्नल’, निवडता येतो. फेडोरा ही प्रणाली याच हेतूने सामान्यतः शेवटचे ३ कर्नल जपून ठेवते.

विंडोज पूर्णपणे कोलमडली असता पडद्यावर दोषाचे नाव दाखविणारी सूचना येते. नेहमीच्या आवृत्तीत हा पडदा अनेक वर्षे निळा होता. २०१६ च्या अखेरीस चाचणी-आवृत्तीसाठी तो हिरवा करण्यात आला. उद्देश एवढाच की, कोणी छायाचित्र पाठविताच यंत्रावर चाचणी-आवृत्ती आहे हे अभियंत्याला दृष्टिक्षेपात कळावे. या पडद्यावरील अक्षरे ही निदानाची किल्ली असल्याने ती जशीच्या तशी उतरवून घ्यावीत.

(इ) आवाज, छपाई किंवा जाळ्याची जोडणी बंद पडते. कारण वरीलच, परंतु परिणाम मर्यादित. उपकरणाच्या निर्मात्याने नवा ड्रायव्हर प्रसिद्ध केला असल्यास तो बसवावा. नसल्यास मागील ड्रायव्हरकडे परत जावे. कोणत्याही अनोळखी ठिकाणाहून ‘सर्व यंत्रांना चालणारा’ ड्रायव्हर घेऊ नये. त्यातून रोगापेक्षा औषध भयंकर ठरते.

(ई) यंत्र मंद चालते व विजेरी लवकर संपते. आवृत्ती बसल्यावर पहिले काही तास कार्यप्रणाली सर्व फायलींची सूची नव्याने तयार करीत असते. त्या काळातील मंदपणा हा दोष नव्हे. शिवाय चाचणी-आवृत्तीत दोष पकडण्यासाठी अधिक तपासण्या ठेवलेल्या असतात. फेडोराच्या ‘रॉहाइड’ या अस्थिर शाखेतील कर्नल अनेकदा अशा तपासण्यांसह बांधलेला असतो आणि त्यामुळे तो स्वभावतःच सावकाश चालतो. एक-दोन दिवसांनंतरही यंत्र मंदच राहिले, तर कोणती आज्ञावली किती शक्ती वापरते हे दाखविणारे कोष्टक उघडून पाहावे.

५. मराठी लिपीतील दोष

वरील दोष जगातील कोणत्याही वापरणाऱ्याला सापडतील. परंतु काही दोष असे आहेत की, जे मराठी वाचकाशिवाय इतर कोणाला दिसणारच नाहीत. दुर्ग जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भासह एकाच राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गही येथूनच जातो. या भागातील मराठी कुटुंबांना हिंदी व मराठी या दोन्ही भाषा सारख्याच अवगत असतात. दोन्हींची लिपी देवनागरी असली तरी ती सर्वस्वी एक नाही, आणि नेमक्या या फरकाच्या ठिकाणीच कार्यप्रणाली चुकते.

पहिले उदाहरण ‘दर्या’ व ‘दऱ्या’ या शब्दांचे आहे. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ यांतही असाच भेद आहे. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी! पहिल्या शब्दात रफार आहे, दुसऱ्यात आडवा र. हिंदीत या आडव्या रकाराची गरज पडत नाही. युनिकोड या जागतिक संकेतात तो दर्शविण्यासाठी ‘ऱ’ या अक्षरापुढे हलन्त चिन्ह देतात. ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशी दुसरीही रीत मान्य आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’ मिळतो. नव्या आवृत्तीत अक्षरे जुळविणारा भाग बदलला आणि यांपैकी एका रीतीकडे दुर्लक्ष झाले, तर दऱ्यांचा दर्या होतो. यंत्र कोलमडत नाही, हिरवा पडदा येत नाही. केवळ अर्थ बदलतो.

दुसरे उदाहरण ‘ॲ’ या अक्षराचे. ते युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आले. ज्या टंकात ते नाही, तेथे त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तिसरे उदाहरण ‘ल’ व ‘श’ यांचे. मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांना महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयाने मान्यता दिलेली आहे. युनिकोडमध्ये दोन्ही भाषांसाठी ‘ल’ चा संकेत एकच आहे. कोणते वळण दाखवावयाचे हे टंक ठरवितो, आणि त्यासाठी मजकुराची भाषा मराठी आहे ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते. ती वाटेत गळली की मराठी मजकूर हिंदी वळणात दिसू लागतो.

हे दोष शोधण्यासाठी फेडोराच्या प्रत्येक नव्या आवृत्तीपूर्वी भाषाविषयक चाचणी-दिवस योजिले जातात, आणि या कामात पुण्यातील रेड हॅटच्या अभियंत्यांचा मोठा वाटा राहिला आहे. अशा दिवशी वापरणारे आपल्या भाषेतील शब्द उमटवून, छापून व शोधून पाहतात. यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. शुद्ध मराठी वाचता येणारा शाळकरी विद्यार्थीही ‘दऱ्या’ चुकला हे ओळखू शकतो. परंतु ही भाषा न जाणणाऱ्या निष्णात अभियंत्यास ते दिसणार नाही.

६. एका दुर्लक्षित सूचनेची कथा

दोषाची सूचना योग्य रीतीने पोहोचली नाही तर काय होते, याचे एक बोधप्रद उदाहरण २०१८ साली घडले. विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स’ यांसारखे ठरावीक कप्पे मूळ जागेवरून दुसऱ्या तबकडीवर हलविता येतात. तसे केल्यावर मूळ जागी एक रिकामा कप्पा उगाच उरतो, अशी तक्रार काही वापरणाऱ्यांनी केली. ती ऐकून अभियंत्यांनी हे जादा कप्पे काढून टाकणारा भाग नव्या आवृत्तीत घातला. परंतु काही यंत्रांवर तो मूळ कप्पा रिकामा नव्हता. त्यात जुन्या फायली होत्या. त्या फायलीही कप्प्याबरोबर नाहीशा झाल्या.

ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाली व अवघ्या काही दिवसांत तिचे वितरण थांबवावे लागले. दोषाच्या तक्रारी एकूण यंत्रांच्या एका टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढ्याच होत्या, असे कंपनीने सांगितले. परंतु ज्याची छायाचित्रे गेली त्याला या प्रमाणाचे समाधान ते काय! दोष दूर करून १३ नोव्हेंबर रोजी आवृत्ती पुन्हा प्रसिद्ध करण्यात आली.

विशेष हे की, चाचणी-आवृत्ती वापरणाऱ्या काहींनी फायली गेल्याची सूचना प्रसिद्धीच्या आधीच पाठविली होती. मात्र सूचनांना महत्त्व देताना, तिला किती जणांनी दुजोरा दिला ही संख्या मुख्यत्वे पाहिली जात होती. थोड्यांनाच झालेला, पण भरून न येणारा अपाय या मोजमापात तळाशी राहिला. त्यानंतर सूचनापत्रात ‘अपाय किती गंभीर’ हे नोंदविण्याची सोय करण्यात आली. यातून दोन धडे मिळतात. एक, दोष किती जणांना झाला याइतकेच तो किती खोल आहे हेही महत्त्वाचे आहे. दुसरा, एका दोषावरील उपाय दुसऱ्या दोषास जन्म देऊ शकतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी घेतली पाहिजे.

७. सूचना कशी लिहावी

‘नव्या आवृत्तीत मराठी नीट दिसत नाही’ हे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे. ते वाचून अभियंत्याला काय करावे हे समजत नाही. उपयुक्त सूचनेत पाच गोष्टी असाव्यात : आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, यंत्राचा प्रकार, दोष पुन्हा उत्पन्न करण्याच्या पायऱ्या, काय व्हावयास हवे होते, आणि प्रत्यक्षात काय झाले. दोष प्रत्येक वेळी होतो की क्वचित, व मागील आवृत्तीत होता की नाही, हे जोडल्यास सूचना परिपूर्ण होते.

वरील वाक्य मग असे लिहिता येईल : “लेखन-आज्ञावली उघडली. इनस्क्रिप्ट कळफलकावरून द, ऱ, हलन्त, य व काना ही चिन्हे क्रमाने दिली. ‘दऱ्या’ असे दिसावयास हवे होते. ‘दर्या’ असे दिसले. पाच वेळा केले, पाचही वेळा हेच झाले. मागील आवृत्तीत बरोबर दिसत होते. या दोन शब्दांचे अर्थ भिन्न आहेत. छायाचित्र सोबत जोडले आहे.” एवढ्यावरून हजारो मैल दूर असलेला, मराठीचे एक अक्षरही न जाणणारा अभियंता तोच दोष आपल्या टेबलावर उत्पन्न करू शकतो, आणि जो दोष हुकमेहुकूम उत्पन्न करता येतो, तो अर्धा दूर झाल्यासारखाच असतो. छायाचित्र पाठविताना मात्र आपली खासगी पत्रे, खातेक्रमांक वा परवलीचे शब्द त्यात दिसत नाहीत याची खात्री करून घ्यावी.

८. उपसंहार

चाचणी-आवृत्ती वापरणारा मनुष्य नवी वस्तू इतरांच्या आधी पाहतो, हे खरे. परंतु तेवढ्यासाठी ती वापरणे फारसे लाभाचे नाही. तिचे खरे महत्त्व निरीक्षणात आहे. प्रत सुरक्षित ठेवणे, एका वेळी एकच बदल करणे, जुन्याशी नव्याची तुलना करणे, शंकास्थळ निम्म्यानिम्म्याने कमी करीत नेणे आणि पाहिले तेवढेच स्पष्ट शब्दांत लिहिणे, या पाच सवयी प्रयोगशाळेतही त्याच आहेत. ज्या शाळेत एखादा जुना संगणक पडून असेल, तेथील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यावर अशी आवृत्ती बसवून आपल्या भाषेचे शब्द त्यात तपासून पाहावेत. त्यांनी पाठविलेल्या एका नेमक्या सूचनेमुळे पुढील आवृत्तीत सर्व मराठी वाचकांच्या दऱ्या शाबूत राहतील.